पुस्तिका नसलेलं ड्रम मशीन

अवघड ड्रम मशीन निवडलं तर ठोक्या नावाच्या ड्रमवाल्याचा फायदा एकच होता, पण घसघशीत होता: तिघांच्या वाद्यवृंदातली त्याची खुर्ची शाबूत राहणार होती. सोपं निवडलं की खुर्ची गेली.

तिघं म्हणजे सिंथेसायझर वाजवणारी त्याची थोरली बहीण, वायरी आणि आवाज सांभाळणारे भावजी, आणि अठरा वर्षं ड्रम बडवणारा ठोक्या स्वतः. ताईला आता सगळं इलेक्ट्रॉनिक हवं होतं. ड्रमसेट देऊन बदल्यात मशीन आणायचं ठरलं आणि निवडायला तिने ठोक्यालाच धाडलं. तालाचा कान तुझाच, म्हणाली. बकऱ्यानेच सुरीची धार पारखावी तसा तो दुकानात शिरला.

दुकानदाराने आधी मोठ्या पडद्याचं मशीन दाखवलं. दोन बटणं दाबली की ताल सुरू. भावजींनाही जमलं असतं. ठोक्याने ते घाईघाईने बाजूला सारलं. मग कोपऱ्यातून एक जुनं धूड निघालं: सोळा बटणं, प्रत्येकाची तीन-तीन कामं, पडद्यावर जेमतेम दोन आकडे. बनवणारी कंपनीही कधीच बंद पडलेली. ठोक्याचा चेहरा उजळला.

"पुस्तिका जपा," दुकानदार म्हणाला. "तिच्याशिवाय याचा थांग लागत नाही."

ठोक्याला हेच हवं होतं. ताल भरण्याची पानं त्याने तीन दिवसांत तोंडपाठ केली आणि पुस्तिका दोन गल्ल्या पलीकडच्या कचरापेटीत टाकली. ताईला सांगितलं, खोक्यात नव्हतीच.

शहाणपण केलं खरं, पण झोप उडाली. ताई मशीनजवळ आली की तो मध्ये येऊन उभा राही. त्यात कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधी मशीनच्या कोपऱ्यात एक लाल दिवा लुकलुकायला लागला. हे काय, ताईने विचारलं. ताल पाळतोय तो, ठोक्याने ठणकावून सांगितलं. दिव्याचं पान त्याने वाचलंच नव्हतं. आता रोज उठून तो आधी दिवाच बघे, आणि ज्याला सगळं येतं असं सगळ्यांना वाटतं त्याने विचारायचं कुणाला?

कार्यक्रमाच्या दिवशी वायरींच्या गुंत्यात तालीम राहूनच गेली. मशीन लावलं तर दिवा विझलेला. ठोक्याला हायसं वाटलं. पडदा उघडायला पाच मिनिटं असताना त्याने पहिल्या गाण्याचा ताल लावून पाहिला. काहीच वाजेना. दुसऱ्याचा लावला, नवव्याचा लावला. सगळं कोरं. दिवा काय सांगत होता ते आत्ता त्याच्या डोक्यात शिरलं: ताल लक्षात ठेवणारी आतली बॅटरी संपत आली होती. आता संपली होती.

सांगावं तर दिव्याची थाप उघडी पडणार आणि पुस्तिकेचं बिंग फुटणार. पडदा सरकला. ताईने मान हलवली आणि ठोक्याची बोटं आपसूक बटणांवर पडली. भरलेले ताल पुसले गेले तरी बटण दाबलं की एक ठोका वाजत होता; मग एकेक ठोका हाताने. समोर भावजींनी लावलेली फळी होती म्हणून बोटं कुणाला दिसली नाहीत. पन्नास मिनिटं तो श्वास रोखल्यासारखा वाजवत राहिला. चौथ्या गाण्यात शिंक आली आणि एक ठोका गेला.

ताई बेहद्द खूश झाली. मशीन छान निवडलंस, पुढच्या वेळी मीच सुरू करीन, तू आपला दारावर तिकिटं बघ, असं तिने हसत हसत सांगून टाकलं. ज्याला तो भ्याला होता तेच समोर येऊन उभं राहिलं.

भावजी वायर गुंडाळत होते. "चौथ्या गाण्यात मशीनला सर्दी झाली होती वाटतं," ते वर न बघता म्हणाले.

ठोक्याने सुजलेली बोटं पुढे केली. "ताई, ते मशीन नव्हतं. मी होतो." मग पुस्तिकेचंही सांगितलं, अगदी कचरापेटीपर्यंत.

ताईने ती बोटं उलटसुलट करून बघितली. "तुला काढायचंच होतं मला," ती म्हणाली. "आता ते जमायचं नाही. यापुढे असंच वाजव. आणि माझ्याशी खोटं बोललास ते मी विसरणार नाही."

तर जमाखर्च असा: ताईला मशीनही मिळालं आणि माणूसही. भावजींना जन्मभर चिडवायला पुरेल अशी एक शिंक मिळाली. किंमत एकट्या ठोक्याने मोजली: अठरा वर्षांचा ड्रमसेट, दहा बोटं, ताईचा विश्वास आणि महिनाभराची भीती. त्यातली भीती तर आगाऊच.