एका कपाने काय होतंय!

मित्रांनो, माझा कान तुटलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचं लक्ष सारखं तिकडे जाणार नाही. मी एक जुना, जाडजूड, तपकिरी रंगाचा कॉफीचा कप आहे. न्यू हॅम्पशरमधल्या ब्रॅकेट फॉल्स या गावात, व्हर्ना क्लूटियेच्या हॉटेलात माझा मुक्काम असतो. कान शाबूत होता तेव्हा मी दोन आठवडे राजकारणात होतो. वर्तमानपत्रात माझ्याबद्दल छापूनही आलं होतं. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं, पण छापून आलं होतं.

माझा जन्म ओहायोतल्या एका भट्टीत झाला. माझ्याबरोबर माझे तीनशे भाऊ भाजून निघाले. आमच्या सगळ्यांच्या पोटावर ब्रॅकेट फॉल्सच्या कागद गिरणीचं चित्र होतं. वीस वर्षं नोकरी झालेल्या कामगारांना घड्याळ द्यायचं, असं गिरणीच्या मालकांनी ठरवलं होतं. पुढे त्यांचा विचार बदलला आणि घड्याळाऐवजी आम्ही आलो. मी एल्विन बॅचेल्डर नावाच्या कामगाराच्या वाट्याला गेलो. त्याने मला उलटा करून पाहिलं आणि म्हणाला, "वेळ दाखवत नाही, पण गळत तर नाही ना? बास झालं." माझ्या आयुष्यातली ती पहिली स्तुती.

गिरणी पुढे बंद पडली. एल्विनची बायको ओपल वारली. घासून घासून माझ्या पोटावरची गिरणी पुसली गेली, आता तिची फक्त चिमणी उरली आहे. एकट्याने घरी कॉफी प्यायचा कंटाळा येऊ लागला तेव्हा एल्विन मला कोटाच्या खिशात घालून व्हर्नाच्या हॉटेलात घेऊन आला. तेव्हापासून मी इथलाच.

व्हर्नाचा एक नियम आहे. रोजच्या गिऱ्हाइकाने आपला कप आपणच धुवायचा आणि आपणच भिंतीवरच्या खुंटीवर टांगायचा. खुंट्यांची फळी चांगली लांबलचक आहे. तिचं एक टोक लोखंडी शेगडीपाशी, दुसरं दारापाशी. शेगडीत लाकडं कायम धुमसत असतात. दाराच्या फटीतून वारा कायम येत असतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण मोठमोठ्या शहाण्यांच्या ते लक्षात राहिलं नाही.

आमच्या इथे पक्षाचा उमेदवार पुढारी ठरवत नाहीत. एकाच पक्षाचे दोघं-तिघं आधी आपसात लढतात आणि त्यातला कोण पुढे जाणार, ते गावकरी मत देऊन ठरवतात. अशा निवडणुका आल्या की व्हर्ना फळीवर उमेदवारांच्या नावाचे पुठ्ठे ठोकायची आणि सांगायची, "तुमचा जो माणूस, त्याच्या नावाखाली कप टांगा." रोज दुपारी ती कप मोजायची आणि आकडे पाटीवर लिहायची. आमच्या एवढ्याशा गावाला फोन करून मत विचारायला कोण बसलंय? पण व्हर्नाच्या कपांचा अंदाज सहा निवडणुकांत सहाही वेळा बरोबर आला होता. त्या सहाही निवडणुका सप्टेंबरात झाल्या होत्या, तेव्हा शेगडी पेटलेली नसते.

सातवी मात्र फेब्रुवारीत आली. आमचा आमदार गुडघ्यांना थंडी सोसत नाही म्हणून मुदत संपायच्या आधीच फ्लोरिडाला निघून गेला आणि जागा रिकामी झाली. त्या जागेसाठी एकाच पक्षाचे दोघं उभे राहिले. एक प्रेस्टन हेल, वकील, चकचकीत बूट. दुसरी लोरेन गॅन्यों, सव्वीस वर्षं शाळेची बस चालवणारी. नदीवरचा पूल तीन वर्षं बंद होता आणि तिच्या बसमधल्या पोरांना रोज चौदा मैलांचा वळसा पडत होता. तो पूल दुरुस्त करून घ्यायचा, एवढ्याच एका गोष्टीसाठी ती उभी होती. हेलसाहेबांना पुलाबद्दल एक समिती नेमायची होती.

व्हर्नाने नाणं उडवून पुठ्ठे ठोकले. शेगडीकडे हेल, दाराकडे गॅन्यों.

पहिल्या दिवशी ऊन होतं. छपरावरचं बर्फ वितळून टपटपत होतं. सदतीस कपांपैकी लोरेनकडे बावीस, हेलकडे पंधरा. दुसऱ्या रात्री कडाक्याची थंडी पडली आणि दुपारी मोजणी झाली तेव्हा हेल वीस, लोरेन सतरा. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रातून ट्रेव्हर ऑलकॉट नावाचा एक हुशार तरुण संगणक घेऊन धावत आला.

"एका रात्रीत पाच कप फिरले!" तो म्हणाला. "काल काय झालं होतं?"

"काल हेलने शिकारीचा चौकड्यांचा शर्ट घातला होता," व्हर्ना पॅनकेक उलटत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बातमी आली: हेल यांच्या साध्या राहणीचा मतदारांवर प्रभाव. हेलने ती वाचली. त्यानंतर त्याने तो शर्ट अंगावरून उतरवला नाही. आठवड्याभराने तो हॉटेलात शिरला की लोक खिडकी किलकिली करायचे.

बुधवारी हवा जरा निवळली. पाच कप परत लोरेनकडे आले. ट्रेव्हरने शोध लावला की मंगळवारी लोरेनने भाषणात आपल्या आजीच्या घेवड्याच्या उसळीची आठवण सांगितली होती. बातमी आली: उसळीने मने जिंकली. झालं! लोरेन जिथे जाईल तिथे उसळ सांगू लागली. शाळेच्या छपराबद्दल विचारलं तरी उसळ, कुत्र्यांच्या परवान्याबद्दल विचारलं तरी उसळ. गुरुवारी पुन्हा थंडी पडली आणि तिचे सात कप गेले. ट्रेव्हरने लिहिलं: मतदार उसळीला कंटाळले.

मित्रांनो, आम्ही सदतीस कप सगळं जाणून होतो. थंडी वाढली की लोक आपला कप शेगडीकडे टांगत होते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो गरम मिळायचा. दारापाशी टांगलेल्या कपात कॉफी ओतली की ती ओठाला लागेपर्यंत गार होते. जो तो मनात म्हणायचा, एका कपाने काय होतंय! बाकीचे आहेतच की लोरेनकडे. पण आम्हाला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी कपांना बोलता कुठे येतं?

माझं तर आणखीच वेगळं. मी ऊन असो, थंडी असो, शेगडीपासून तिसऱ्या खुंटीवरच असायचो. एल्विनच्या बोटांची पेरं सुजलेली असतात. सकाळी मुठी उघडत नाहीत. गरम कप दोन्ही हातांत धरला की हळूहळू एकेक बोट सुटतं. पाच वर्षं ती खुंटी त्याची होती. पुठ्ठा ठोकला म्हणून त्याने ती सोडली नाही. खरं तर पुठ्ठा ठोकलाय हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आणि इथेच लोरेनच्या काळजाला लागलं. एल्विन तिचा शेजारी. बर्फ पडलं की असल्या बोटांनी फावडं धरून तो पहाटे तिच्या बसभोवतीचं बर्फ उपसायचा, म्हणजे पोरांना उशीर होऊ नये. ती बस काढताना पोस्टाच्या पेटीपाशी टाकलेलं त्याचं वर्तमानपत्र उचलून त्याच्या पायरीवर ठेवायची. वीस वर्षं असंच चाललं होतं. बाकीच्यांचे कप आज इकडे, उद्या तिकडे. हा एकच पठ्ठ्या पहिल्या दिवसापासून हेलकडे ठाम! ट्रेव्हरने माझा फोटो छापला आणि खाली लिहिलं: हेल यांचा अढळ मतदार. दुसऱ्या दिवसापासून एल्विनचं वर्तमानपत्र पायरीवर येईनासं झालं. पोस्टाच्या पेटीपाशी, बर्फात पडलेलं मिळू लागलं. आपलं काय चुकलं, ते त्याला कळेना. मला वाईट वाटायचं, पण मी खुंटीवरून काय करणार?

मंगळवारी मतदान होतं. त्याच्या आधीच्या शनिवारी पारा शून्याखाली वीसवर गेला. आदल्या दुपारचा आकडा पाटीवर होता: हेल सव्वीस, लोरेन अकरा. हॉटेल गच्च भरलं होतं. लोरेन आत आली, तिने पाटीकडे बघितलं आणि टोपी टेबलावर आपटली.

"व्हर्ना, मी रेडिओवर दहाच्या बातम्यांत सांगून टाकते. मी माघार घेतेय."

"अगं, वेडी आहेस का? तीन दिवस राहिलेत!"

"तीन दिवस काय करू? उसळही सांगून झाली. माझी माणसं माझी नाहीत, तर पूल काय मी एकटी बांधू?" असं म्हणत ती तरातरा फळीपाशी आली. एल्विन नुकताच येऊन बसला होता आणि मुठी टेबलावर ठेवून माझी वाट बघत होता. "थांब एल्विन, तू उठू नकोस. तुझा कप मीच देते. हेलसाहेबांच्या पहिल्या मतदाराचा मान आहे तो!"

तिने मला खुंटीवरून उतरवलं आणि किंचाळली. मी तापलेला होतो. तिच्या हातातून सुटलो, टेबलाच्या कडेवर आपटलो आणि माझा कान तुटून थेट बेकनच्या ताटात पडला. दुखलं, खोटं कशाला सांगू?

"हा कप आहे की निखारा?" लोरेन बोटं झटकत म्हणाली.

"शेगडीजवळ असतो ना तो," एल्विन मला उचलून चोहोबाजूंनी तपासत म्हणाला. "बोटांना बरं वाटतं. पण तू एवढी चिडलीस का? आणि हेलचं काय मध्येच?"

"काय मध्येच? दोन आठवडे त्याच्या नावाखाली टांगतोयस!"

"कुठंय नाव?"

सगळ्यांनी वर बोट दाखवलं. एल्विनने खिशातून चष्मा काढला, लावला, पुठ्ठा वाचला.

"अगं, मी खुंटी बघतो. वर कशाला बघू?"

लोरेन हळूच वळली आणि बाकीच्यांकडे पाहू लागली. "आणि तुम्ही?"

पोस्टमन गॅस थिबोडो आपल्या अंड्याकडे एकटक बघत म्हणाला, "थंडी होती गं. म्हटलं, माझ्या एका कपाने काय होतंय."

"मी पण तेच म्हटलं," कोपऱ्यातून आवाज आला.

"मी पण."

"मला वाटलं, तुम्ही सगळे आहातच तिकडे!"

व्हर्नाने कपाळावर हात मारला. "अरे कर्मा! म्हणजे दोन आठवडे मी हवामान मोजत होते होय?"

आधी लोरेन हसली. अशी हसली की डोळ्यांत पाणी आलं. दहाच्या बातम्यांत तिने काहीच सांगितलं नाही. व्हर्नाने खुर्चीवर चढून दोन्ही पुठ्ठे उपटले आणि अदलाबदल करून ठोकले. "दोन आठवडे शेगडी त्याला मिळाली, आता दोन दिवस हिला!" सोमवारी दुपारी लोरेन सत्तावीस, हेल नऊ. कप छत्तीसच भरले, कारण कानाशिवाय मी टांगणार कसा? मी राजकारणातून निवृत्त झालो होतो. ट्रेव्हरने लिहिलं: जिल्ह्याच्या इतिहासातली सर्वांत मोठी मुसंडी. ते वाचून हेलने शर्ट बदलला. याबद्दल गाव व्हर्नाचं आजही ऋणी आहे.

मंगळवारी सकाळी एल्विन मला कॉफीने भरून नगरभवनात घेऊन गेला. दारावरच्या बाईने अडवलं.

"आत कॉफी न्यायची नाही, एल्विन."

"ही कॉफी नाही, हातमोजे आहेत."

बाईने त्याच्या बोटांकडे पाहिलं आणि मतपत्रिका दिली. अशा रीतीने मी पडद्याच्या आत गेलो. आमच्या गावात आत गेलेला मी पहिलाच कप असेन.

संध्याकाळी मोजणी झाली. लोरेन तीनशे अकरा, हेल तीनशे दहा. हेलने फेरमोजणी मागितली. पुन्हा तेच. एका मताने लोरेन जिंकली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात जो येईल तो छाती फुगवून सांगू लागला, "ते एक मत माझं!" गॅस म्हणाला माझं, त्याची बायको म्हणाली माझं, मतदारयादीत नाव नसलेला पाववाला म्हणाला माझं. ट्रेव्हरने सगळ्यांची नावं लिहून घेतली आणि हताश होऊन संगणक मिटला. एकटा एल्विन गप्प होता. लोरेन त्याच्यासमोर येऊन बसली.

"एल्विन, खरं सांग. तुझं मत कोणाला होतं?"

"मतदान गुप्त असतं, लोरेन," एल्विन म्हणाला आणि त्याने मला तिच्यापुढे धरलं. तिने मला काठोकाठ भरलं.

त्या दिवसापासून वर्तमानपत्र पुन्हा पायरीवर येऊ लागलं. मला कान नाही म्हणून व्हर्ना एकदा मला फेकायला निघाली होती. एल्विनने तिच्या हातातून काढून घेतलं. म्हणाला, "तसाही मी दोन हातांनी धरतो." आता मी शेगडीच्या कठड्यावर बसतो. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा कानतुटका कप असेल. त्याला टाकू नका. आणि कोणी कुठल्या खुंटीला लटकलेला दिसला, तर त्याला मोजून मोकळे होऊ नका. आधी एकदा हात लावून बघा.

पडद्याआड काय झालं, ते मी पाहिलं आहे. माझ्याशेजारीच तर तो कागद होता. पण मीही सांगणार नाही. एवढं मात्र सांगतो. उमेदवाराच्या नावापुढचा तो इवलासा गोल रंगवायला एल्विनला फार वेळ लागला. बोटं ऐकत नव्हती. पेन्सिल दोनदा हातातून पडली. दोन्ही वेळा त्याने मला घट्ट धरून हात शेकले आणि पुन्हा सुरुवात केली. बाहेर आल्यावर त्याने माझ्यातली गार झालेली कॉफी एका घोटात संपवली, मला खिशात घातलं आणि फावडं उचलून लोरेनच्या बसभोवतीचं बर्फ उपसायला निघाला.