खिडक्या लावून घ्या

मित्रांनो, दचकू नका, मी रागावलेलो नाही. माझा आवाजच असा आहे. मी हातात धरायचा भोंगा आहे, आणि आता पुष्कळ जुना झालो आहे. पुढे रुंद तोंड, मागे बोलायची जाळी, खाली मूठ आणि मुठीवर एक लाल बटण, एवढाच माझा संसार. बटण दाबून जाळीत कुणी पुटपुटले तरी ते माझ्या तोंडून गल्लीभर ऐकू जाते. पदरचे एक अक्षरही मी त्यात घालत नाही. या गोष्टीचा मला एके काळी फार अभिमान होता.

कारखान्यात माझे सगळे भाग जुळले, तेव्हा तपासणीला बसलेल्या बाईने मला तोंडाशी धरले आणि जांभई देत "हॅलो, हॅलो" म्हटले. माझ्या आयुष्यातले ते पहिले शब्द. त्यानंतर मी एका शाळेतल्या खेळाच्या सरांकडे आलो. सर मैदानाच्या मधोमध उभे राहून माझ्यातून मुलांना पळवत. जो मागे पडेल त्याची काही खैर नसे. "अरे ढोल्या, पळतोयस की झोपलायस?" असे मी ओरडलो की सारे मैदान खो खो हसे आणि तो मुलगा मान खाली घालून पळत राही. लोक आपल्या बोलण्यावर हसतात म्हणजे आपण चांगलेच बोलत असणार, अशी तेव्हा माझी समजूत होती. पुढे सरांना नवा भोंगा मिळाला आणि मी कपाटात, हवा गेलेल्या चेंडूंखाली धूळ खात पडलो.

तिथून मला टेलरकाकूंनी सोडवले. शाळेच्या खेळाडूंचे कपडे त्या शिवत. एकदा मापे घ्यायला आल्या असताना कपाट उघडे होते. मला पाहून त्या सरांना म्हणाल्या, "या खेपेची शिलाई राहू द्या. त्याऐवजी तो भोंगा द्या मला." सर हसतच सुटले. काकूंनी मला कापडाच्या पिशवीत घातले आणि घरी नेले.

काकूंना भोंगा कशाला हवा होता, ते सांगतो. त्यांच्या वस्तीत मोठ्या रस्त्याला लागून एक मोकळे मैदान होते. शहराच्या गाड्या तिथे कचरा ओतत आणि संध्याकाळी तो पेटवून दिला जाई. काकूंचे यजमान उभा जन्म सूतगिरणीत राबलेले. कापसाची बारीक धूळ छातीत जाऊन जाऊन त्यांचा श्वास पार कोता झाला होता. धूर आला की ते खाटेच्या कडेवर बसत, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवत आणि नुसते तोंड उघडून हवा शोधत. बोलता येत नसे. ओठ निळे पडत. काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की औषध चालू ठेवा, पण हा धूर थांबला नाही तर माणूस हाती लागणार नाही.

म्हणून काकू प्रभाग कार्यालयात गेल्या. पण त्यांचा आवाज एवढा बारीक की टेबलामागचा कारकून पुन्हा पुन्हा "काय? मोठ्यानं बोला" म्हणत राहिला, आणि शेवटी त्याने पुढच्या माणसाला बोलावले. त्याच दिवशी काकूंनी ठरवले, आता मोठ्यानेच बोलायचे.

मला घरी आणले तेव्हा काकांनी मला उलटेसुलटे करून पाहिले. म्हणाले, "इतकी वर्षं तुझं बोलणं मी एकट्यानं ऐकलं. आता गावानंही ऐकावं. तेवढाच माझा भार हलका."

"तुम्ही तोंड मिटा बरं. धूर जाईल आत," काकू म्हणाल्या.

"मग जेवू कसा?"

काकू हसल्या. त्या घरात मी हे हसणे फार वेळा ऐकले नाही, म्हणून ते माझ्या लक्षात राहिले आहे.

दुसऱ्या दिवसापासून काकू मला घेऊन मैदानाच्या कडेला उभ्या राहू लागल्या. "आमची माणसं गुदमरतायत. इथं कचरा जाळू नका." एवढेच बोलत. आधी लोकांनी कानाडोळा केला. मग मोठ्या रस्त्यावरच्या इमारतींतून काही जण खाली आले. त्यांचे कुणी गुदमरत नव्हते, पण पडदे काळे पडत होते. पडदे तर पडदे, काकूंना माणसे हवी होती. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. बोलणे गोड आणि इस्त्री कडक. त्यांचे घर मैदानाच्या अगदी समोर होते. त्यांनी आल्याबरोबर नागरिक समिती काढली. अध्यक्ष कोण व्हावे यावर चर्चा झालीच नाही, कारण साहेब आधीच मधल्या खुर्चीवर बसले होते.

समितीने नगरसेवकाला गाठले. नगरसेवक मोठा हुशार. तो म्हणाला, "हलवतो की कचरा. पण सगळ्यांच्या एकमतानं ठराव आणा. एकानं जरी नंतर तक्रार केली तर मी अडकायचो." त्याला ठाऊक होते की या वस्तीत एकमत सोडाच, सभेला दहा माणसे जमणे मुश्कील. घोडे तिथेच अडले. शाळेच्या व्यायामशाळेत सभा बोलवावी आणि रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून घरी जावे, असे सारखे होऊ लागले. इकडे काकांना एका वाक्यासाठी दोनदा थांबावे लागू लागले.

शेवटी एका सभेत काकूंनी मला तोंडाशी धरले. म्हणाल्या, "आपण एक नियम करू. जो सभेला येणार नाही, त्याचा होकार धरायचा. घरी बसून तक्रार करायची आणि इथं यायचंही नाही, असं कसं चालेल?" जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तर काकूंचे तोंड भरून कौतुक केले. नियम झाला आणि त्याच बैठकीत मैदानावरचा कचरा हलवण्याचा ठराव एकमताने झाला. मी तो वस्तीभर फिरून सांगितला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

नगरसेवकाने ठराव पाहिला आणि डोके खाजवले. मग म्हणाला, "ठीक. आता कुठं हलवायचा, तेही तुम्हीच ठरवा. असंच एकमतानं."

त्यासाठी पुन्हा सभा ठरली. सभेच्या दिवशी दुपारी काकांचा श्वास अडकला. काकू त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलला घेऊन गेल्या. जाता जाता मला औषधांच्या दुकानदाराकडे दिले. तोही समितीत होता. "सभेत सांगा, मी येऊ शकत नाही," एवढे म्हणून त्या गेल्या.

सभेत तीन जागा निघाल्या. एक इमारतींच्या मागे होती, ती लगेच वगळली. दुसरी शाळेच्या जवळ, तीही गेली. उरली नाल्याकाठची पट्टी. या पट्टीला लागून मागची गल्ली आहे आणि त्या गल्लीतले शेवटचे घर टेलरकाकूंचे. गल्लीतली बाकी माणसे त्या वेळी कामावर होती. सभेत गल्लीतले एकही डोके नव्हते.

औषधवाला चुळबुळ करत म्हणाला, "काकूंना एकदा विचारायला हवं. त्यांच्या तर दारातच येतंय हे."

साहेब हसले. "अहो, नियम कुणाचा? त्यांचाच ना? गैरहजर म्हणजे होकार. आपण त्यांच्या नियमाचा मान राखायला नको का?"

औषधवाला खाली बसला. त्याचे दुकान साहेबांच्याच इमारतीत आहे. मग साहेबांनी मला हातात घेतले, बटण दाबले आणि मी सांगितले की ठराव एकमताने मंजूर झाला आहे. माझा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. तो चिरकावा, निदान घरघरावा, असे मला फार वाटले. पण मी चांगल्या कारखान्यात बनलो आहे. मी घरघरलो नाही.

सभा संपता संपता, लोक उठू लागले असताना, साहेबांनी आणखी एक ठराव उरकून घेतला. काकूंचा नियम रद्द. इथून पुढे निम्मे सभासद हजर असतील तरच ठराव व्हायचा. खुर्च्या सरकवण्याच्या गोंधळात कुणी नीट ऐकलेही नाही. तोही एकमताने झाला.

काका घरी आले तेव्हा नाल्याकाठी पहिली गाडी रिकामी होत होती. काकू तशाच साहेबांच्या दारात गेल्या. मी तोवर साहेबांच्या दिवाणखान्यातल्या कपाटावर राहायला गेलो होतो, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"मला एक फोन तरी करायचा होता, साहेब."

"काकू, तुम्ही हॉस्पिटलमध्ये, त्या धावपळीत. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास द्यायचा?" साहेबांनी त्यांना पाणी दिले. बसायला मात्र सांगितले नाही.

काकूंनी हार मानली नाही. त्यांनी दारोदार जाऊन सभा बोलावली आणि साहेबांकडून मला मागून नेले. सभेला कुणी आले नाही. मैदान मोकळे झाले होते, पडदे धुऊन झाले होते, आता कोण कशाला येते? व्यायामशाळेत काकू आणि किल्ल्या घेऊन उभा असलेला शिपाई, दोघेच. काकूंनी मला तोंडाशी धरून रिकाम्या खुर्च्यांना सांगितले, "नाल्याकाठचा कचरा हलवावा. गैरहजर सगळ्यांचा होकार धरून ठराव एकमतानं मंजूर." त्यांच्या आवाजात आनंद होता. शिपायानेही टाळी वाजवली.

ठराव घेऊन त्या साहेबांकडे गेल्या तेव्हा साहेबांनी फार हळुवारपणे सांगितले, "तो नियम आता नाही, काकू. मागच्याच सभेत रद्द झाला. तुम्ही नव्हता त्या दिवशी. तुमचा होकारच धरला आम्ही." मग हात पुढे केला. "भोंगा समितीचा आहे, तेवढा ठेवून जा."

काकूंनी मला टेबलावर ठेवले. मग त्यांनी एवढेच मागितले की कचरा पेटवायच्या आधी कुणीतरी गल्लीत सांगावे. म्हणजे खिडक्या लावून घेता येतील, फटींत ओली फडकी कोंबता येतील, काकांना आतल्या खोलीत नेता येईल. साहेबांनी ही मागणी पुढच्या सभेत मांडली. सभा भरलेली होती. मागणी टाळ्यांच्या कडकडाटात मान्य झाली आणि समिती गरिबांचे किती ऐकते, यावर भाषणे झाली. काकूंनाही चार शब्द बोलायला लावले. त्या म्हणाल्या, "आभारी आहे." तेही माझ्यातूनच.

तेव्हापासून कचरा जाळणारा मजूर काडी ओढण्याआधी मला घेऊन गल्लीत फिरू लागला. "आज कचरा जाळणार आहोत. खिडक्या लावून घ्या." ज्या दिवशी जाळायचे नसे त्या दिवशी तो येत नसे. काकूंनी या दोन वाक्यांवर सगळा दिवस बसवला होता. मी ओरडलो की शिवणयंत्र थांबे आणि खिडकी लागे. मी आलो नाही की खिडकी सताड उघडी, काका खिडकीशी खुर्ची टाकून बसलेले. हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी झाल्या. मजूर एकदा म्हणाला, "काका, रंग आला की चेहऱ्यावर." काका म्हणाले, "बायकोनं शिवलाय." मला वाटू लागले, की चला, निदान एवढे तरी आपल्या हातून होते आहे.

मग निवडणूक आली. साहेब उभे राहिले. ज्या माणसाने मैदान स्वच्छ केले त्याला मत द्या, असे मी सकाळपासून दुपार उलटेपर्यंत मोठ्या रस्त्यावर ओरडत होतो. माझ्या पोटातले सेल संपत आले होते. आवाज बसला तसे साहेबांना गाडीवरचा मोठा कर्णा मिळाला आणि मला मजुराकडे परत पाठवले. सेल घालायचे कुणाच्या डोक्यात आले नाही.

संध्याकाळी मजुराने गल्लीच्या तोंडाशी बटण दाबले. मी गप्प. त्याने मला झटकले, मुठीवर दोन थापा मारल्या. मी गप्प. पलीकडे कर्णा लावून साहेबांची गाडी चालली होती, त्या गलक्यात त्याने एकदा तोंडाने हाक दिली. ती त्याची त्यालाही ऐकू आली नसेल. "मरू दे," तो म्हणाला. त्याने मला ढिगाजवळच्या टपरीत खुंटीला अडकवले आणि काडी ओढली.

खुंटीवरून मला ती खिडकी समोर दिसत होती. काका खुर्चीत होते. आतून काकूंचा आवाज आला, "आज भोंगा आला नाही. बसा निवांत, मी तुमच्यासाठी चहा टाकते."

धूर सरळ खिडकीकडे गेला. काकांनी उठायचा प्रयत्न केला. खिडकीच्या गजाला धरलेला त्यांचा हात मला दिसला, मग तो दिसेनासा झाला. काकू धावत आल्या तेव्हा खोली धुराने भरली होती. काका हॉस्पिटलला पोहोचले, पण घरी परतले नाहीत.

साहेब निवडून आले. नगरसेवक म्हणून त्यांचा पहिला कार्यक्रम काकांची शोकसभा होती. त्यांनी मला हातात घेतले आणि बटण दाबले. मी गप्प. साहेबांना सभेसमोर अवघडल्यासारखे झाले. "अहो, सेल आणा कुणीतरी!" औषधवाला धावत गेला आणि दुकानातून नवे सेल घेऊन आला. साहेबांचे पाणी पिऊन होईपर्यंत मी तयार होतो. मग मी खणखणीत आवाजात सांगितले, की काकांच्या जाण्याने वस्तीची मोठी हानी झाली आहे, पण शेवटी त्यांचे वय झाले होते.

मित्रांनो, आता शेवटचे सांगतो. घरात एखादी साधी वस्तू असते. तिची आठवण फक्त काम अडले की होते. तिची निगा राखा. तिच्यात वेळेवर सेल घाला. तुमच्यासाठी ती एक खेळणे असेल, पण तिच्या आवाजाच्या भरवशावर पलीकडे कुणीतरी खिडकी उघडी टाकून बसलेले असते.

सध्या माझे सेल नवे आहेत. मजूर मला रोज मागच्या गल्लीत नेतो आणि मी माझी दोन वाक्ये ओरडतो. भराभर खिडक्या लागतात. शेवटच्या घराची लागत नाही. काकू शिवणयंत्रावर बसलेल्या असतात. त्यांना ऐकू जाते, कारण त्या क्षणभर पाय थांबवतात. मग पुन्हा यंत्र चालू करतात आणि धूर आत जात राहतो.