कल्याणमंटपातल्या एकतीस गाड्या

“सन दोन हजार उजाडेल तेव्हा या देशातला मध्यमवर्ग डबड्यातून उतरून लांब, ऐसपैस सेडानमध्ये बसलेला असेल. आणि वरचा वर्ग अशा सेडानमध्ये बसलेला असेल, की जी अर्धी पेट्रोलवर चालेल आणि अर्धी विजेवर! हा माझा अंदाज नाही. हा इतिहासाचा निर्णय आहे!”

मुंबईच्या हेड ऑफिसातून आलेल्या शुभंकरनं असं म्हटलं आणि वीज गेली. भिंतीवर झळकणारी जपानी गाडी प्रोजेक्टरसकट विझली. श्रोते एकूण आठ होते. पाच शोरूमचेच नोकर, दोघं कॉफीच्या वासानं आत वळलेले, आणि आठवा वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे निघालेला, पण जिना चुकलेला. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण त्याचा एक हात गालावर होता.

हे अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये, इंदिरानगरच्या ‘शिवाप्पा अँड सन्स’ या शोरूममध्ये घडलं. त्या पाच नोकरांपैकी सगळ्यात पुढे बसलेले, टायची गाठ सतत चाचपणारे गृहस्थ म्हणजे विक्री व्यवस्थापक बिंदुमाधव. वय छपन्न. घराणं बेंगळुरात तीनशे वर्षं मुरलेलं, त्यामुळे मराठी बोलताना मधूनच कानडी उगवायची आणि ती कानडी आहे हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही. पूर्वी ते एका सरकारी कारखान्यात नकाशे काढत. कारखान्यानं स्वेच्छेनं निवृत्त व्हायला भाग पाडलं, तेव्हा शिवाप्पांनी त्यांना ठेवून घेतलं. गाड्या विकता येतात का, असं शिवाप्पांनी विचारलं नव्हतं. रेघ सरळ येते का, एवढंच विचारलं होतं.

कारण गाडी विकणं हे दुय्यम काम होतं. मुख्य काम होतं दर महिन्याच्या पंचवीस तारखेला हेड ऑफिसला विक्रीचा आलेख पाठवणं. महिना संपायच्या आधी महिन्याची विक्री कशी कळायची, असा भाबडा प्रश्न बिंदुमाधवांनी पहिल्याच महिन्यात विचारला होता. मग त्यांना कंपनीची रीत समजावण्यात आली. कारखान्याच्या फाटकातून ट्रकवर चढून गाडी बाहेर पडली, की ती विकली गेली. पुढे तिला कुणी विकत घेतं की नाही, हा तिचा खाजगी प्रश्न.

गाडीचं नाव ‘कुबेर’. मध्यम वर्गासाठी साधी कुबेर, वरच्या वर्गासाठी ‘कुबेर रॉयल’. एप्रिलात कंपनीनं सहा पाठवल्या, मेमध्ये आठ, जूनमध्ये नऊ, जुलैत चौदा. हिरव्या आलेख-कागदावर बिंदुमाधवांची निळी रेघ अशी डौलात चढत गेली, की मुंबईत म्हणे ती चौकटीत बसवून भिंतीला लावली. गिऱ्हाइकांनी घेतलेल्या गाड्या मात्र एप्रिलात तीन, मेमध्ये दोन, जूनमध्ये एक. जूनमधली ती एक दातांच्या डॉक्टरनं घेतली. जिन्यात रोज बिंदुमाधव गाठतात, त्यापेक्षा गाडी परवडली, असं तो म्हणाला.

ही दुसरी रेघ बिंदुमाधव घरी एका वहीत पेन्सिलीनं काढत. ती अशी उतरत होती, की पाहताना पायऱ्या चुकल्यासारखं व्हायचं.

“हीच पाठवा की मुंबईला,” त्यांच्या पत्नी रत्नाबाई म्हणाल्या. “खरं ते खरं.”

“पाठवली तर डीलरशिप काढून घेतील. मग मी काय करू? सौम्याची इंजिनिअरिंगची दोन वर्षं राहिलीयत. दोन वर्षं मला तिथं टिकायचंय, बस्स. रेघ वर गेली की आपण टिकलो.”

“आणि गाड्या?”

“त्यांचं बघू.”

बघण्याची वेळ जुलैत आली, कारण आषाढ लागला. आषाढात इकडे कुणी लग्न करत नाही, घर बांधत नाही आणि नवं वाहन तर दारातही आणत नाही. बिंदुमाधवांनी तसं मुंबईला कळवलं, तर उलट फॅक्स आला: ‘आषाढ म्हणजे काय, तो दर वर्षी येतो का, आणि त्यावर काय उपाययोजना चालू आहे?’ शुभंकरनं फोनही केला.

“सर, आमच्याकडे आषाढात तळतात. कापण्या, पुऱ्या, वगैरे. गाडीचा काय संबंध? तुम्ही कस्टमरला नीट कन्व्हिन्स करत नाही.”

“करतो हो. पण कस्टमरच्या आईला कोण कन्व्हिन्स करणार?”

कंपनीनं उपाययोजना म्हणून जुलैच्या त्या चौदा गाड्या पाठवल्या. शोरूम भरलं, मागचं आवार भरलं, डॉक्टरच्या जिन्याखालची जागा भरली. शिवाप्पांनी डोक्याला हात लावला आणि तिथंच त्यांना सुचलं.

“नोडी, हे बघा बिंदुराव, आषाढात लग्नं नाहीत म्हणजे कल्याणमंटप रिकामे. मल्लेश्वरममध्ये माझ्या साडूचा आहे. तुमच्या घरापासून चार पावलं. महिनाभर तिथं ठेवू. श्रावण लागला की लोक घेतीलच.”

आणि एकतीस कुबेर लग्नाच्या मंटपात गेल्या. आवारात अठरा, जेवणाच्या दालनात बारा, आणि मोत्याच्या रंगाची एक रॉयल मावेना म्हणून मागच्या दारी, स्वयंपाकाच्या शेडला लागून. दालनाच्या भिंतीवर नव्या जोडप्यांना स्वागताचा फलक तसाच होता. त्याखाली बारा गाड्या दोन पंगतींत समोरासमोर अशा उभ्या होत्या, की कुणीतरी वाढायला सुरुवात करावी.

बिंदुमाधव रोज सकाळी तिथं जात. उभी गाडी बॅटरी सोडते, म्हणून एकेकीत बसून चार मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. एकतीस गाड्या, दोन तास. पहिल्या आठवड्यात ते प्रत्येक गाडीत बसल्यावर आरशात बघून टाय सारखा करत. दुसऱ्या आठवड्यात ते बंद झालं. तिसऱ्या आठवड्यात त्यांना काचा वर करून आत बसलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही, हे फार आवडायला लागलं. चार मिनिटांची दहा व्हायची. आत नव्या सीटचा वास, पुढे चाकावर आपलेच दोन हात, आणि काचेपलीकडे दुसऱ्या कुबेरचं नाक. आयुष्यभर आपण जिथं जिथं बसलो तिथून असंच काहीतरी दिसलं, असं त्यांना एकदा वाटलं. मग त्यांनी मुद्दाम पुढच्या गाडीत जाऊन बघितलं. तिथूनही तेच दिसत होतं.

“देवळात जावं तसं जाताय तुम्ही सकाळसकाळी,” रत्नाबाई म्हणाल्या.

“देवळात निदान कुणीतरी येतं.”

श्रावण लागला. गिऱ्हाईक आलं नाही. वर्तमानपत्रात मात्र बातमी आली, की मंदीतही बेंगळुरात मध्यम आणि आलिशान सेडानची मागणी महिन्यागणिक वाढते आहे. आकडे ओळखीचे होते, निळ्या रेघेवरचे. शेजारच्यांनी अभिनंदन केलं. सौम्यानं कात्रण कापून ठेवलं. बिंदुमाधवांनी पंचवीस तारखेला नेहमीसारखी रेघ वर नेली, फॅक्सच्या यंत्रात कागद सरकवला, आणि तो पलीकडून बाहेर येईपर्यंत कुणी हात धरून ठेवल्यासारखे उभे राहिले.

सव्वीस तारखेला रविवार होता. सोमवारी मंटपात श्रावणातलं पहिलं लग्न, म्हणजे रविवारी संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करणं भाग. सकाळीच शिवाप्पांचा निरोप आला, की शुभंकर विमानानं येतोय आणि थेट मंटपातच येतोय.

“संपलं,” बिंदुमाधव म्हणाले.

“काही संपत नाही,” रत्नाबाईंनी त्यांच्या हातात ती पेन्सिलीची वही दिली. “ही त्याच्या पुढ्यात ठेवा आणि सांगून टाका. ओरडेल, स्वल्प ऐकून घ्या. माणूस खरं बोलल्यावर त्याला कोण काढतं?”

मंटपात पोहोचले तेव्हा तोरणं बांधणारे गाड्यांच्या टपांवरून वाट काढत होते. मागच्या शेडमध्ये आचाऱ्यांनी भट्ट्या पेटवल्या होत्या. फाटकाबाहेर चार लांब ट्रक उभे होते आणि एकामागून एक कुबेर त्यांच्यावर चढत होत्या. शुभंकर खुर्ची टाकून, हातात खाण्याची प्लेट धरून देखरेख करत होता. शिवाप्पा बाजूला, छतावरच्या झुंबराकडे बघत.

बिंदुमाधवांनी वही उघडून समोर धरली. रस्त्यात पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हटलं. “साहेब, मी पाठवलेली रेघ खोटी आहे. खरी रेघ ही. जुलैत एकही गाडी विकली गेली नाही. या सगळ्या इथंच आहेत.”

शुभंकरनं वहीकडे बघितलं, मग गाड्यांकडे, आणि अगदी मायेनं हसला.

“ते माहितीय हो. सगळ्यांना माहितीय. चेन्नईत आम्ही एक बंद थिएटर घेतलंय. तिथं तर बाल्कनीत पण चढवल्यात.”

“मग हे ट्रक?”

“या हुबळीला चालल्यात. फाटकातून बाहेर पडल्या ना? म्हणजे हुबळीची ऑगस्टची विक्री.”

“पण या तर बेंगळुरात विकल्या गेल्यात! आलेखात आहेत!”

“त्या पण आहेतच. ते कोण काढून घेतंय?” शुभंकरनं प्लेट खाली ठेवली. “काका, बसा ना जरा.”

चार महिने तो त्यांना सर म्हणत होता. काका ऐकल्याबरोबर बिंदुमाधवांना सगळं कळलं, फक्त कारण कळायचं राहिलं. ते शुभंकरनं सांगितलं. विक्री व्यवस्थापकाचा पगार शिवाप्पांच्या हातून मिळत असला, तरी तो शिवाप्पा देत नव्हते. तो कंपनी देत होती, आणि कंपनी तो फक्त कमजोर बाजारात देत असे. बेंगळुरू आता दक्षिणेतला सगळ्यात तगडा बाजार ठरला होता. इथं गाड्या आपोआप जात होत्या. आपोआप जाणाऱ्या गाडीला विकणारा माणूस कशाला, असं हेड ऑफिसनं एकमतानं ठरवलं होतं. पाकीट त्याच्या बॅगेतच होतं.

“पण ही बघा की,” बिंदुमाधवांनी वही पुन्हा पुढे केली. “तीन, दोन, एक, शून्य. याच्याहून कमजोर बाजार आहे का कुठं?”

शुभंकरनं या वेळी वही हातात घेतली. नीट पाहिली. पानं उलटली.

“ही रेघ महिन्याभरापूर्वी पाठवली असती ना काका, तर तुम्हाला अजून तीन वर्षं कुणी हलवलं नसतं. वर दोन असिस्टंट दिले असते.” तो खरोखरच हळहळला. “आता रिपोर्ट छापून गेलाय. चेअरमनसाहेबांनी भाषणात वापरलाय. काढलीय पण काय सुंदर हो! हात आहे तुमच्याकडे.”

बिंदुमाधवांनी शिवाप्पांकडे पाहिलं. शिवाप्पांनी झुंबरावरची नजर खाली आणली, पण ती वाटेत एका गाडीच्या टपावर अडकली.

“माझ्याकडून पगार कुठून देऊ, बिंदुराव? मी तरी काय विकलंय?”

“सरी,” बिंदुमाधव कानडीत ‘बरं’ म्हणाले. शुभंकरनं पुढे केलेलं पाकीट त्यांनी घेतलं.

शुभंकरला परतीचं विमान होतं. तो गेला, शिवाप्पा त्याला सोडायला गेले. ट्रक भरत राहिले. तिसरा गेला, चौथा गेला. शेडजवळची मोत्याच्या रंगाची रॉयल तेवढी जागा नाही म्हणून मागे राहिली. तिच्यासाठी उद्या पहाटे वेगळी सोय होणार होती.

बिंदुमाधव तिच्यात जाऊन बसले. काचा वर केल्या. पाकीट त्यांनी उघडलं नाही, त्यातली भाषा त्यांना कारखाना सोडल्यापासून पाठ होती. घरी जाऊन काय सांगायचं, याची जुळवाजुळव करून बघितली. खरं बोललो, असं सांगता आलं असतं. रत्नाबाई विचारतील, मग? या ‘मग’च्या पुढे त्यांना काही केल्या जाता येईना. सौम्या आता कात्रण वहीत चिकटवत असेल. दोन वर्षं, म्हणजे चोवीस महिने, म्हणजे आलेख-कागदावरचे चोवीस चौकोन. ते त्यांनी मनात आखले. त्यांतून रेघ कुठूनही सुरू करून पाहिली. ती खाली जाईना की वर जाईना. नुसते चौकोनच दिसत राहिले.

बाहेर दालनात सतरंज्या अंथरल्याचा आवाज येत असावा. आत काही ऐकू येत नव्हतं. त्यांना वाटलं, असंच बसून राहावं. पहाटे गाडी ट्रकवर चढेल, फाटकातून बाहेर पडेल आणि आपणही एकदाचे कुठंतरी विकले जाऊ. हुबळीत असो नाहीतर आणखी कुठं. मोजणारे मोजून घेतील. हे त्यांना गंमत म्हणून सुचलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले, कपाळ चाकावर टेकवलं, आणि छपन्न वर्षांत पहिल्यांदाच, टायची गाठ सोडायचं भान न राहता, रडले.

काचेवर टकटक झाली.

घामानं निथळलेला आचारी वाकून आत बघत होता. दोन्ही हातांत झाकलेलं भलं मोठं पातेलं. बिंदुमाधवांनी काच खाली केली. भट्टीची धग आत आली.

“अण्णा, इथं भट्टीपाशी दही आंबायला लागलंय,” तो म्हणाला. “स्वल्प ए.सी. लावून देता का? मागच्या सीटवर ठेवतो.”