दोर सैल सोडा

मी एक लोखंडी चकती बोलतेय. जरा मोठ्यानेच बोलतेय, कारण मी उभी आहे फार लांब आणि इथवर यायचा आता सगळ्यांना कंटाळा.

ताटाएवढी मी. नेमबाजीच्या मैदानाच्या पार टोकाला, मातीच्या बांधापुढे माझी जागा. पायाशी बिजागरी. गोळी लागली की टणकन वाजायचं आणि मागे उताणं पडायचं, एवढंच माझं काम.

पडलेलीला उठवायला पूर्वी एक मावशी होत्या. लाल झेंडा वर गेला, बंदुका खाली ठेवल्या गेल्या, की त्या चालत यायच्या. "ऊठ गं बाई, किती लोळशील!" म्हणत मला उभी करायच्या, गोळी कुठे लागली ते निरखायच्या आणि मग डागावर पांढरा रंग फिरवायच्या. तिकडून नेमबाज ओरडायचे, "मावशी, जरा पाय उचला की!"

मग दोर आला. माझ्या वरच्या कडेपासून थेट नेमबाजांच्या रांगेपर्यंत. तिकडून ओढला की मी उभी. फेऱ्या भराभर होऊ लागल्या, मावशींची पायपीट संपली. खोटं कशाला बोलू, मलाही कौतुक वाटलं. पाळायची गोष्ट एकच होती: मी उभी राहिले की दोर सैल सोडायचा. तो ताणलेला राहिला, तर हत्तीने धडक दिली तरी मी पडणार नाही.

त्या दिवशी संघात एकच जागा उरली होती आणि दोन मुली बरोबरीत होत्या. मला ताजा रंग दिला होता. दोघींना एकेक गोळी मिळणार होती.

उंच मुलीने आधी झाडली. गोळी माझ्या खालच्या कडेला घासून गेली. मी पडले. दोर ओढणाऱ्या दादांनी मला उभं केलं आणि दोराचं टोक तसंच खुंटीला अडकवून टाकलं. हातात मोबाइल होता ना!

मग चष्मेवालीने झाडली. अगदी मधोमध. अंगभर झिणझिण्या आल्या. मी वाजले, थरथरले, पण पडले नाही. पडणार कशी?

पंचांचा माइक चालूच होता, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"सर, आवाज आला! सगळ्यांनी ऐकला."

"आम्ही आवाज नाही मोजत बाळा, पडलेली मोजतो."

"मग एकदा जाऊन बघा ना सर. रंगावर डाग असेल."

"एवढं लांब कोण जाणार? त्यासाठीच तर दोर लावलाय!"

आणि सगळे हसले. ते हसणं आठवलं की मला आजही शिसारी येते. दादांनी खुंटीकडे पाहिलं असणार. दोर मात्र ताणलेलाच राहिला. उंच मुलीचं नाव जाहीर झालं.

जेवणाच्या सुट्टीत झेंडा वर गेला आणि कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझा डाग बघायला चालत आलं. चष्मेवाली आणि तिची आई. मुलीने मधल्या डागावर बोट ठेवलं.

"आई, ढकल बरं हिला."

आईने एका हाताने ढकललं, मग दोन्ही हातांनी. मी जागची हलले नाही.

"अगं, ही तर बांधलेलीच आहे!" आईचा आवाज चिरकला. "अहो, कोणीतरी या इकडे! बघा तरी!"

भोंगा म्हणाला, "मैदान मोकळं करा. निकाल लागलाय."

रंगारी डबा घेऊन आला. "ताई, सरका जरा." ती सरकली नाही, तेव्हा त्याने तिच्या बोटाला वळसा घालून रंग दिला. शेवटी तिनेच बोट काढलं.

आता मी पुन्हा पांढरीशुभ्र आहे. दोर आहे, वेग आहे, स्पर्धा वेळेत संपतात. पण त्या सोयीचा मला वीट आलाय. चालणं वाचवता वाचवता या माणसांनी बघणंही सोडून दिलं.

दोर काढा असं मी म्हणत नाही. सैल सोडा. आणि मी वाजूनही उभी राहिले, तर एकदा चालत या. रंगाखाली तिचा डाग कुठे आहे, ते मला अजून ठाऊक आहे.