माझीच चूक, खानम

मेहरांगिज खानम बोलायला उभ्या राहिल्या की संस्कृती भवनातल्या खुर्च्या आपोआप दोन गटांत वाटल्या जात. उजवीकडे टॅक्सीवाले, टेम्पोवाले आणि गाडीची किल्ली बोटात फिरवत बसलेले दुकानदार. डावीकडे सायकलवाले: शाळेतले मास्तर, बाजारातले कारागीर, आणि अलीकडे हेल्मेट घालून येणारी कॉलेजातली पोरं. दर मंगळवारी चार वाजता रस्ता-सुरक्षेवर बाईंचं अर्ध्या तासाचं भाषण असे, आणि त्यानंतर तासभर भांडण.

बाईंनी बावीस वर्षं इराणातल्या इस्फहानमधल्या बायकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. निम्म्या अब्बासाबाद मोहल्ल्याच्या सुना त्यांच्या हाताखालून गेलेल्या. जीभ धारदार, शिस्त कडक, आणि शब्दाला वजन असं की नवरे घाबरून बायकोला विचारत, "खानमनी पास केलं का?"

त्या मंगळवारी विषय रस्त्याच्या कडेला नव्याने रंगवलेल्या सायकलपट्ट्याचा होता.

"एवढा हिरवागार पट्टा मारून दिला," एक टॅक्सीवाला म्हणाला, "तरी ही मंडळी आमच्याच चाकाखाली मरायला येतात!"

"त्या पट्ट्यावर तुमच्या गाड्या उभ्या असतात, आगा! आम्ही काय उडत जायचं?"

"दिवा नाही, घंटी नाही, आणि तोरा मात्र शहेनशहाचा!"

बाईंनी टेबलावर दोनदा बोट आपटलं. सभागृह गप्प झालं. "गाडीवाल्याच्या अंगावर पत्रा आहे, सायकलवाल्याच्या अंगावर नुसती कातडी. जपायचं कुणी? ज्याला कातडी आहे त्याने. सायकलवाल्याचा जीव सायकलवाल्याच्याच हातात. उभ्या गाडीपासून एक मीटर सोडून चाला. एक मीटर! मग कुणी दार उघडू दे नाहीतर बंद करू दे, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

उजवीकडून टाळ्या पडल्या. डावीकडे पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने मात्र खिशातून चिठोरं काढलं आणि पेन्सिलीने त्यावर 'एक मीटर' असं लिहून घेतलं.

दोनच आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमारास, बाई आतेफे नावाच्या शिकाऊ मुलीला गाडी लावायला शिकवत होत्या. मुलगी तिसऱ्यांदा चुकली तेव्हा बाईंनी जागा बदलली, तिला शेजारी बसवलं, स्वतः स्टिअरिंग हातात घेतलं आणि चिनारांच्या सावलीत गाडी अशी लावली की पदपथापासून वीतभरही अंतर राहिलं नाही. "बघ. आणि आता उतरायचं कसं? दार आपल्या डावीकडे, म्हणून ते उजव्या हाताने उघडायचं. लांबचा हात पुढे आला की खांदा वळतो, खांदा वळला की मान वळते, आणि मागचं आपोआप दिसतं. माझी एकही विद्यार्थिनी..."

तेवढ्यात पुढच्या गाडीवाल्याने आपली गाडी मागे घेतली, दोन गाड्यांची जागा अडवून आडवीतिडवी ठेवली, आणि उतरून खुशाल दुकानाकडे चालू लागला.

"ए आगा! कुठे निघालात?" म्हणत बाईंनी डाव्या हाताने दार ढकललं.

धप्प आवाज झाला. दारावर आदळून सायकल आडवी झाली, ओढत थोडी पुढे गेली, आणि मागच्या कॅरिअरला बांधलेली संगकची गरम रोटी रस्त्यावर उलगडून पडली. तिच्या पलीकडे एक म्हातारा कुशीवर पडला होता. उजवा खांदा धरून तो उठायचा प्रयत्न करत होता.

बाई धावल्या. "हलू नका, हाजी आगा, हलू नका!"

म्हाताऱ्याने वर पाहिलं. चेहरा पांढराफटक पडलेला, पण ओळख पटताच त्याने कसंबसं हसू आणलं. "अरे, मेहरांगिज खानम, तुम्ही! माफ करा हं. तुम्हाला घाबरवलं. माझीच चूक, खानम, माझीच चूक."

चार माणसं जमली. कुणी पाणी आणलं, कुणी रोटी उचलून झटकली. वाहतूक पोलीस आला, कोवळा अधिकारी. रुग्णवाहिकेत चढवण्याआधी त्याने म्हाताऱ्याला विचारलं, आणि म्हातारा पुन्हा तेच म्हणाला, "चूक माझी, पोरा. खानमना त्रास देऊ नकोस."

मग अधिकारी बाईंकडे वळला. "खानम, माझ्या आईला तुम्हीच शिकवलंत. विचारायलाही लाज वाटते, पण कागदावर लिहावं लागतं. दार उघडायच्या आधी मागे पाहिलं होतं ना?"

बाईंना आठवतं, त्या क्षणी त्यांच्या डोक्यात काहीच हिशेब नव्हता. बावीस वर्षांची सवय बोलून गेली.

"पाहिलं होतं."

आतेफे शेजारीच उभी होती. अधिकाऱ्याने तिला काही विचारलं नाही. तिने बाईंकडे पाहिलं, मग मान खाली घालून दाराकडे पाहत राहिली. कागदावर रस्त्याचा नकाशा निघाला: गाडी चौकोन, सायकल रेघ. खाली लिहिलं गेलं: सायकलस्वार उभ्या गाडीच्या फार जवळून गेला. दोष सायकलस्वाराचा.

पुढच्या धड्याला आतेफे आली नाही. बाईंनी फोन केला तर म्हणाली, "खानम, मी दुसऱ्या बाईंकडे नाव नोंदवलंय."

"का गं? काही चुकलं का?"

"तुम्हीच सांगा, खानम," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मेहरांगिज खानमनी स्वतःची समजूत घालायचे सगळे प्रयत्न केले. म्हातारा स्वतःच म्हणाला ना? आपण त्याच्या तोंडात शब्द घातले का? पण भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, दुसऱ्या मुलीला गिअर शिकवताना ते 'पाहिलं होतं' मध्येच कानात वाजे आणि मान गरम होई. शेवटी तिसऱ्या आठवड्यात त्यांनी गझ मिठाईचा मोठा डबा घेतला, पत्ता शोधला आणि म्हाताऱ्याच्या घरी गेल्या. माफी मागायला नव्हे, नुसती विचारपूस करायला. मन हलकं होईल इतकंच.

यदोल्ला त्यांचं नाव. उस्ताद यदोल्ला. पंचावन्न वर्षं कापडावर लाकडी ठसे उठवणारे कारागीर. ठसा कापडावर ठेवायचा आणि वरून मूठ हाणायची, दिवसातून हजारदा. आता उजवा हात गळ्यात बांधलेला होता, खांद्याचं हाड जुळायचं होतं. दार त्यांच्या मुलीने, इफ्फतने उघडलं, आणि पाहुणी कोण ते कळताच तिला काय करू नि काय नको असं झालं.

"घराला पाऊल लावलंत, खानम! आमच्या डोळ्यांवर पाऊल पडलं तुमचं! चूक आमच्या बाबांची, आणि तुम्ही वर मिठाई घेऊन येता? दुसरी कुणी असती तर गाडीला चरा पडला म्हणून भांडायला आली असती."

चहा आला, केशरी साखरेच्या चकत्या आल्या, डाळिंबाचे दाणे आले. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. इफ्फतच बोलत होती. "सायकल काढून घेतली मी त्यांची. मामेभावाला देऊन टाकली, खेड्यात. सत्तरीचं वय, अंतराचा अंदाज राहिलेला नाही. बाजारातही एकट्याला सोडत नाही आता. आणि गंमत म्हणजे, अजून म्हणतात, 'मी एक मीटर सोडून चाललो होतो'. डॉक्टरांना विचारायचंय, डोक्याचं काही आहे का ते."

"इफ्फत," म्हातारा हळूच म्हणाला.

"काय इफ्फत? तुमच्या भल्याचंच बोलते मी."

तो बाईंकडे वळला. "खानम, तुम्हाला म्हणून विचारतो. तुमचं भाषण ऐकल्यापासून मी रोज मोजत असे. पदपथाच्या फरशा मोजून अंदाज घेत असे. त्या दिवशीही एक मीटर सोडला होता, असं मला आठवतं. पण एक मीटर सोडला असता तर दार लागलं नसतं. म्हणजे मलाच चुकीचं आठवतंय. नाही का?"

त्याच्या नजरेत राग नव्हता. खरंच विचारत होता तो, वैद्याला विचारावं तसं.

मेहरांगिज खानमनी चहाचा पेला खाली ठेवला. तेव्हाच बोलायचं होतं. पण समोर इफ्फत कौतुकाने पाहत होती, मिठाईचा डबा उघडा होता, आणि बाईंच्या तोंडून निघालं, "वय झालं की होतं असं, उस्ताद."

म्हाताऱ्याने मान डोलावली. "असंच असेल."

गल्लीत उभ्या केलेल्या गाडीपाशी येईपर्यंत बाईंच्या डोक्यात म्हाताऱ्याचा तो एक मीटरच घोळत होता. मग त्यांनी डिकीतून टेप काढली. धड्यांसाठी, गाडी आणि पदपथातलं अंतर मोजायला ती कायम असे. ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडलं आणि टेप लावली. दाराची कड गाडीपासून जवळजवळ एक मीटरवर आली. आणि सायकलचं हँडल? ते चाकाच्या दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर आलेलं असतं. चाक एक मीटरवर असलं तरी हँडल दाराच्या आतच.

इतकी वर्षं त्या लोकांना 'एक मीटर' सांगत होत्या. एकदाही मोजलं नव्हतं. म्हाताऱ्याने मोजलं होतं. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून तो बरोबर त्यांच्या दाराच्या कडेवर आला होता.

त्या परत जिन्यावरून वर गेल्या. इफ्फतने दार उघडलं, "काही विसरलंत का, खानम?"

"उस्ताद," बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, कारण आत बसून बोलायचा धीर नव्हता, "मी मागे पाहिलं नव्हतं. पोलिसाला खोटं सांगितलं. आणि आत्ता तुम्हालाही. तुम्ही एक मीटर सोडला होता. माझा आकडाच चुकीचा होता. आत्ता खाली मोजून आले."

इफ्फतच्या हातातला ट्रे तिरका झाला, एक पेला घरंगळून गालिच्यावर पडला.

म्हातारा डाव्या हाताने भिंत धरून उठला. "तीन आठवडे," तो म्हणाला. "तीन आठवडे मी माझ्याच डोळ्यांवर संशय घेतोय. ही पोरगी मला लहान मुलासारखं रस्ता ओलांडून देते आणि मी देऊ देतो. हाड मोडलं त्याचं मला काही नाही, खानम. हाडं मोडतात. पण मी माझीच चूक म्हणालो ते रीत म्हणून! आपल्यात कुणी तसं म्हटलं की समोरचा काय म्हणतो? 'छे छे, माझी' म्हणतो. तुम्ही ती रीत उचलून खिशात घातलीत."

"मी आजच जाऊन जबाब बदलते," बाई म्हणाल्या.

"बदला. आणि मंगळवारी?"

"मंगळवारीही सांगते."

"मग मी येईन," म्हातारा म्हणाला आणि पाठ फिरवली. इफ्फतने मिठाईचा डबा बंद करून बाईंच्या हातात परत दिला.

ठाण्यावरचा तो कोवळा अधिकारी आधी हसला. "खानम, फाईल बंद झाली. म्हाताऱ्याची तक्रार नाही. कशाला ओढवून घेता? तुमचा शिकवण्याचा परवाना अडकेल."

"लिही."

"माझ्या आईला काय सांगू?"

"हेच सांग. आणि तिला विचार, दार कुठल्या हाताने उघडते."

त्याने लिहिलं. बाईंनी सही केली. आतेफेला साक्षीसाठी बोलावलं गेलं. ती आली, घडलं ते अडखळत सांगितलं आणि जाताना बाईंना फक्त "सलाम, खानम" म्हणाली. परवाना सहा महिन्यांसाठी गेला. बाईंना त्याचं फारसं वाटलं नाही; खरं तर त्यांना वाटलं होतं की शिक्षा झाली की लाज उतरेल. ती उतरली नाही.

मंगळवारी सभागृह भरलेलं होतं. बातमी आधीच पसरली होती. यदोल्ला पहिल्या रांगेत बसले होते, हात गळ्यात, शेजारी इफ्फत. मेहरांगिज खानमनी टेबलावर बोट आपटलं नाही. सगळं सांगितलं: डावा हात, खोटा जबाब, टेप, चुकीचा मीटर. सांगताना त्यांनी टेबलाची कड धरून ठेवली होती.

मग उजवीकडून तोच टॅक्सीवाला उठला. "म्हणजे आता सगळा दोष आमचाच का, खानम? तुम्ही एकदा चुकलात म्हणून?"

"मी एकदा पकडले गेले," बाई म्हणाल्या. "किती वेळा न पाहता दार उघडलं आणि मागे कुणी नव्हतं, ते मला माहीत नाही. तुम्हाला तुमचं माहीत आहे का, आगा?"

"आणि हे बिनदिव्याचे फिरतात ते?"

"ते चुकतात तेव्हा त्यांचं रक्त निघतं. आपण चुकतो तेव्हाही त्यांचंच निघतं. मी इथे उभी राहून तुम्हाला उलटं शिकवलं, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मला त्या आवडल्या."

पुढे आवाज चढले. सायकलवाले ओरडले, "ऐका, ऐका!", टॅक्सीवाले म्हणाले, "बाईंना पश्चात्तापाचा झटका आलाय", दोघं-तिघं उठून बाहेर गेले. त्या गोंधळात यदोल्ला उठले. मेहरांगिज खानमना वाटलं, जवळ येतील, काहीतरी म्हणतील. चांगलं नसेना का, काहीतरी. ते इफ्फतला म्हणाले, "मामेभावाला फोन कर. शनिवारी सायकल घेऊन ये म्हणावं."

"हात बरा होऊ दे की, बाबा."

"हात होईल बरा. सायकल इथे असू दे."

आणि ते दाराकडे चालू लागले. बाईंसमोरून जाताना त्यांनी मान किंचित झुकवली, जेवढी अनोळखी माणसासमोर झुकवतात तेवढीच, आणि बाहेर पडले. मेहरांगिज खानम टेबलाची कड धरून उभ्या होत्या. समोर अजून भांडण चाललं होतं आणि डावीकडून कुणीतरी विचारत होतं, "मग नक्की किती सोडायचं, खानम? दीड मीटर? सांगा ना."

"दीड," त्या म्हणाल्या. "पण माझ्यावर जाऊ नका. उद्या सकाळी दहाला माझी गाडी भवनाच्या दाराशी उभी असेल. टेप घेऊन या, आणि स्वतः मोजा."