सिंदफणेच्या काठावरची बाज

मी एक बाज बोलतेय. बाभळीचं लाकूड आणि अंबाडीची दोरी, एवढंच माझं अंग. निजामाच्या राज्यात, दिंद्रुडजवळच्या एका वस्तीवर आसारामनं मला स्वतःच्या हातानं विणलं.

त्याच्या घरात बायको सत्यभामा आणि म्हातारी आई साखराबाई. फिरत्या पाद्र्याच्या हातून तिघांनी बाप्तिस्मा घेतला आणि भावकीनं बोलणं टाकलं. पूर्वी माझ्यावर बसून पान खाणारी माणसं अंगणावरूनही जाईनात.

भादव्यात सत्यभामा बाळंतपणात अडली. सुईण आली नाही. मिशनचा दवाखाना सिंदफणा नदीपल्याड. बाज उचलायला चार खांदे हवेत, म्हणून आसाराम थोरल्या भावाकडे, बंकटकडे धावला. बंकट भावकीतल्या तिघांना घेऊन आला खरा, पण अंगणातच थांबला.

"देव्हारा पुना मांड. येशूला सोडलं म्हन, आत्ता उचलतो."

आसारामनं बायकोकडं पाहिलं. त्याचे ओठ हलले. तो कबूल होणार, असंच मला वाटलं. तोच सत्यभामेनं माझी दोरी घट्ट धरली.

"भावजी, मरतानी ज्याला हाक मारायची, त्याला आत्ता न्हाई कसं म्हनू?"

बंकटचे डोळे भरले. पण मागं तिघं उभे होते. "लई हट्टी हाय," एवढंच पुटपुटून तो माघारी फिरला.

मग आसारामनं मला पुढून उचललं, साखराबाईनं मागून. म्हातारी बांधाबांधाला टेकत होती. मी वजनानं हलकी व्हावं म्हटलं तरी होता येत नव्हतं. कशीबशी नदी गाठली, तर पाणी दोन्ही थड्यांना लागलेलं. नाव पल्याडच्या काठाला बांधलेली. आसाराम हाका मारत राहिला. आवाज पाण्यातच बुडत होता.

"पानी उतरंल," सत्यभामा म्हणाली. "न्हाई उतरलं तरी तो हाय."

पाणी उतरलं नाही. दिवस मावळताना ती गेली. लेकरू पोटातच राहिलं.

"का रं, देवा?" आसाराम ओरडला. मग चिखलात गुडघे टेकले. शिकलेली प्रार्थना त्याला आठवेना. माझ्या कडेवर कपाळ ठेवून तो नुसताच म्हणत राहिला, "तू हाईस. कळंना झालंय मला, पर तू हाईस." साखराबाई सुनेच्या पायांवरचा चिखल पदरानं पुसत होती.

आता माझ्यावर कुणी निजत नाही. भिंतीला उभी करून ठेवलीय मला, दोरी सैल पडलीय. दर रविवारी मायलेक माझ्यासमोर बसून गाणं म्हणतात. मधेच आसाराम गाता गाता थांबतो. तेव्हा साखराबाई थरथरत्या आवाजात पुढचं म्हणते आणि तो पुन्हा सूर धरतो.

तुमच्या गल्लीत कुणी आजारी बाजेवर पडलं असेल, तर त्याचा देव मागाहून विचारा. मला पाय चार आहेत, पण ते चालत नाहीत. चालायला माणसंच लागतात.