दाराबाहेरचा नगारा

पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या तळमजल्यावर एक खोटी खोली होती. खोली कसली, प्लायवूडच्या चार भिंती आणि खरं म्हणावं असं एकच दार. त्या दाराआड मावशी स्वतःला कोंडून घ्यायची.

एरवी ती तिथली झाडलोट करी. दोन वर्षांपूर्वी एकदा सरावाच्या नाटकातली बाई आली नाही, म्हणून प्रशिक्षिका बाईंनी हिला आत उभं केलं. मावशी अशी काही रडली की बाहेरच्या शिपायालाच घाम फुटला. तेव्हापासून झाडू आणि रडू, दोन्ही तिच्याकडे.

काम एवढंच. आत एक दुखावलेली बाई सुरी घेऊन बसली आहे, असं धरायचं. पोलिसानं दार न मोडता, दम न देता, नुसत्या बोलण्यानं तिला बाहेर आणायचं. वेळ वीस मिनिटं. कडी कधी काढायची ते मावशीनं ठरवायचं. बाईंचं सांगणं एकच, मनापासून काढावीशी वाटली तरच काढा.

आणि तिथंच मावशीचं चुकायचं. कुणाचा आवाज कापरा झाला, कुणी उसासा टाकला, की हिचा हात कडीवर. परवा बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलंच. बिचारा दमला होता हो, मावशी म्हणाली. बाई रागावल्या नाहीत.

"तुम्ही दया करून उघडता, मावशी. त्याला वाटतं, आपल्याला जमलं. उद्या तो खऱ्या दारापुढं उभा राहील, तेव्हा आत तुम्ही नसाल."

ते बोलणं मावशीच्या मनात रुतून बसलं.

आज नगाऱ्याची पाळी होती. हे हवालदाराचं खरं नाव नव्हे, पण ते आता त्याच्या बायकोच्याही तोंडात बसलं होतं. लोहाराच्या घरात वाढलेला, घणाच्या ठोक्यांच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. तो कानात कुजबुजला तरी छपरावरची कबुतरं उडतात, असं सोबतचे म्हणत. दोनदा नापास झाला होता. ही तिसरी खेप, आणि शेवटची. आज नापास झाला की बावीस वर्षांची गस्त गेली. मग कोठारात बसून हेल्मेटं पुसायची. रस्ता सुटला तर मी घरात मावणार नाही, असं तो सकाळी चहा पिताना मावशीला म्हणाला होता. तेवढंच. जरा सांभाळून घे, असं म्हणाला असता तर मावशीला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

दार लागलं. नगाऱ्यानं सुरुवात केली. मी तुमचं ऐकायला आलोय, तुम्ही एकट्या नाही, तुम्हाला काय वाटतंय ते सांगा. वाक्यं सगळी बरोबर होती, पण हजेरी घेतल्यासारखी येत होती. आवाज दाबला की शब्द अडखळत, शब्द सावरले की आवाज चढे. जा इथून, मावशी आतून म्हणत राहिली. सगळे असंच बोलतात. जा. तिनं दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते, न जाणो, कडीकडे जातील.

बाराव्या मिनिटाला बाहेरचं बोलणं थांबलं. काहीतरी भिंतीला घासल्याचा आवाज आला, मग तोही नाही.

मावशी पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. वाक्य आलं नाही. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. जा म्हटलं होतं मी. पण गेला असेल तर? सोंग घेतलेलं दुःख कुठं संपलं आणि तिचं स्वतःचं कुठं सुरू झालं, ते तिलाही कळलं नाही. तिनं कान फळीला लावला. मग कडी काढली आणि बोटभर दार उघडलं.

नगारा जमिनीवर बसला होता. पाठ भिंतीला, टोपी मांडीवर, डोळे दाराकडे.

"आहे मी इथंच," तो म्हणाला.

बाई वही घेऊन आल्या. त्यांनी आधी मावशीकडे पाहिलं. काय विचारायचं आहे ते तिला कळलं.

"नाही बाई, दया नाही केली. हा गप्प झाला, मला वाटलं गेला. एकदम एकटं वाटलं हो. म्हणून बघायला उघडलं."

बाई नगाऱ्याकडे वळल्या. गप्प बसायचं कुठून सुचलं, त्यांनी विचारलं. तुम्हीच शिकवलंत म्हणाला असता तर विषय तिथंच मिटला असता. पण नगारा म्हणाला की पुढचं सगळं डोक्यातून गेलं, आता बोललो तर ओरडेन असं वाटलं, म्हणून बसलो. मावशीनं डोळे मिटून घेतले.

"मग उठून का नाही गेलात?"

नगाऱ्याला प्रश्नच कळेना. त्यानं दाराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"मॅडम, त्या आत होत्या ना."

बाईंनी वही उघडली. मग त्यांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि सोमवारपासून गस्तीवर हजर व्हायला सांगितलं.

नगारा उठायला गेला, पण पायांना मुंग्या आल्या होत्या. मावशीनं हात पुढे केला. त्याच्या वजनानं तीच खाली आली आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. दोघांपैकी कुणीच उठायची घाई केली नाही. तळमजल्याचं बाहेरचं दार पुढचा शिपाई वाजवत होता; बाईंनी त्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं.